चार माणसं, दोन तिकिटं

शेलूबाजारच्या चौकात उभं राहिलं की नजर कुठे ठेवावी कळत नाही. एक रस्ता कारंज्यावरून नागपूरकडे जातो, त्याच्या उलट दिशेचा मालेगाव-मेहकरकडे. तिसरा अकोल्याला आणि चौथा मंगरूळपीरला. ट्रक, टमटम, ट्रॅक्टर, एस.टी., सगळं एकाच चौकात येतं. वाशीम जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातलं हे गाव. आज आपण इथेच थोडा वेळ थांबणार आहोत, कारण मला तुम्हाला एका तिकिटाची गंमत दाखवायची आहे.

समजा, या चौकात एक कुटुंब एस.टी.ची वाट बघतंय. बाबा, आई, सहावीतली ११ वर्षांची मुलगी आणि ७८ वर्षांचे आबाजी. (आमच्याकडे आजोबांना आबाजी म्हणतात.) गाडी आली, सगळे चढले, बसायला जागाही मिळाली. कंडक्टर आले.

"किती जण?"

"चौघं."

मशीनमधून सरसर तिकीट निघालं. बाबांनी पैसे दिले. मुलीनं तिकिटावरचा आकडा पाहिला आणि ती आश्चर्यानं म्हणाली, "बाबा, आपण चार जण, पण पैसे तर दोघांचेच लागले!"

बरोबर आहे तिचं. कसं ते बघा. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट लागतं. ७५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांना २६ ऑगस्ट २०२२ पासून तिकीटच लागत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट तर फार पूर्वीपासून आहे. म्हणजे बाबांचं पूर्ण, आईचं अर्धं, मुलीचं अर्धं आणि आबाजींचं काहीच नाही.

हे आता गणिताच्या भाषेत लिहू. पण पूर्ण तिकीट किती रुपयांचं? ते तर आपल्याला माहीतच नाही! ही मंडळी मंगरूळपीरला निघालीत की अकोल्याला, तेही मी सांगितलेलं नाही. काही बिघडत नाही. पूर्ण तिकीट 'त' रुपयांचं आहे असं म्हणू. मग सगळ्यांचे मिळून झाले:

त + त/२ + त/२ + ०

दोन अर्धे मिळून एक पूर्ण होतो, म्हणून हे झालं २त. चौघांचा प्रवास आणि पैसे दोन तिकिटांचे. (सुट्ट्या पैशांचा हिशेब जुळवताना एखादा रुपया मागेपुढे होतो, तो आपण सोडून देऊ.)

त + त/२ + त/२ किंवा २त अशा लिखाणाला बैजिक राशी म्हणतात. सहावी-सातवीच्या पुस्तकात ती भेटते आणि पुष्कळ मुलांना तिची भीती वाटते. "आकड्यांत ही अक्षरं कशाला घुसली?" असं वाटतं. पण आता नीट बघा. तिकीट किती रुपयांचं आहे हे ठाऊक नसताना आपण उत्तर लिहिलं. ते मंगरूळपीरसाठी खरं आहे, अकोल्यासाठी खरं आहे आणि नागपूरसाठीही खरं आहे. एका ओळीत सगळ्या गावांची उत्तरं! मला तर हे दर वेळी नवल वाटतं.

अजून पुढचं ऐका. २५ जानेवारी २०२५ पासून एस.टी.चं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. गावोगावच्या तिकिटांचे आकडे बदलले. आपल्या राशीत काय बदललं? काहीही नाही. काल २त होतं, आजही २तच आहे. बदललं ते 'त'च्या पोटातलं.

शेलूबाजारच्या जवळून आता समृद्धी महामार्गही जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, तेव्हा कारला दर किलोमीटरला १ रुपया ७३ पैसे टोल होता. 'क' किलोमीटर गेलात तर टोल १.७३क. नागपूर ते शिर्डी ५२० ठेवून बघा, ८९९ रुपये ६० पैसे, म्हणजे जवळजवळ ९०० येतात. १ एप्रिल २०२५ पासून दर झाला २ रुपये ६ पैसे, म्हणून आता २.०६क. आणि ताशी १२० किलोमीटरच्या वेगानं न थांबता गेलं तर लागणारा वेळ क/१२० तास. रस्ता तोच, 'क' तोच, पण एका राशीत पैसे मोजले आणि दुसरीत वेळ.

आता थोडं सावध व्हायचंय, कारण पुढच्या वळणावर मोठमोठी माणसं घसरतात.

एका गोठ्यात गाई आहेत आणि बकऱ्या आहेत. बकऱ्या गाईंच्या सहापट आहेत. गाईंसाठी 'ग' आणि बकऱ्यांसाठी 'ब' घेऊन हे लिहा बरं. पुढचं वाचण्याआधी खरंच कागदावर लिहा.

६ब = ग असं लिहिलंत?

तपासून बघू. गोठ्यात ४ गाई असतील तर बकऱ्या २४ असायला हव्यात. ६ब म्हणजे ६ × २४, १४४. आणि ग तर ४ आहे. १४४ आणि ४ सारखे कसे होतील? चुकलं. बरोबर लिखाण ब = ६ग. गाईंच्या संख्येला सहानं गुणलं की बकऱ्यांची संख्या मिळते.

ज्यांचं चुकलं त्यांनी मुळीच खट्टू होऊ नका. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रश्न इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घातला होता. त्यात विद्यार्थी प्राध्यापकांच्या सहापट होते, एवढाच फरक. तिघांतल्या एकाहून जास्त जणांचं उत्तर चुकलं, आणि त्यांतल्या बहुतेकांनी नेमकं असंच उलटं लिहिलं होतं. चांगली हुशार मुलं होती ती!

मग घोटाळा कुठे होतो? आपण 'ब' वाचतो आणि मनात एक बकरी उभी राहते. 'ग' वाचतो आणि गाय. सहा बकऱ्यांमागे एक गाय, म्हणून ६ब आणि ग. पण 'ब' म्हणजे बकरी नाही. 'ब' म्हणजे बकऱ्या किती आहेत ती संख्या. तिकिटाचा 'त' हाही कागदाचा तुकडा नव्हता, रुपयांची संख्या होती. शाब्दिक उदाहरणांत होणाऱ्या चुकांमधली ही सर्वांत चिवट चूक आहे असं माझं मत आहे. म्हणून माझा एक आग्रह आहे. अक्षर घेतलं की लगेच शेजारी लिहायचं: ब = बकऱ्यांची संख्या. कंटाळा आला तरी लिहायचं. आणि राशी किंवा समीकरण तयार झालं की एखादी सोपी संख्या ठेवून ते तपासायचं, जसं आपण ४ गाई घेऊन तपासलं.

चला, आता बाजार समितीत जाऊ. वाशीम जिल्हा सोयाबीनचा. दसरा-दिवाळीच्या दिवसांत आवारात सोयाबीनचे ढीग लागतात, हर्रास होते, काट्यावर माल मोजला जातो आणि पाठीवर कट्टे घेतलेले हमाल ये-जा करतात. एका शेतकऱ्यानं 'न' कट्टे आणले. एका कट्ट्यात 'व' किलो सोयाबीन आहे. भाव मिळाला क्विंटलला 'भ' रुपये. हमाली कट्ट्यामागे 'ह' रुपये. त्याच्या हातात किती पैसे येतील?

घाईनं न × व × भ लिहू नका. भाव क्विंटलचा आहे आणि माल आपण किलोत मोजलाय. १०० किलोंचा एक क्विंटल, म्हणून शंभरानं भागायला हवं. मालाचे पैसे नवभ/१०० रुपये. हमाली गेली नह रुपये. हातात आले:

नवभ/१०० − नह

खऱ्या आकड्यांवर चालवून बघू. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. समजा २० कट्टे आहेत, प्रत्येकी ५० किलोंचे, आणि हमाली कट्ट्याला १० रुपये धरू. माल झाला १,००० किलो, म्हणजे १० क्विंटल. पैसे ५३,२८०, हमाली २००, हातात ५३,०८०. आदल्या वर्षी हमीभाव ४,८९२ होता, त्याच्या आदल्या वर्षी ४,६००. त्या वर्षांचे हिशेब करायला नवं गणित मांडायला नको. 'भ'च्या जागी दुसरा आकडा ठेवला की झालं. बाजारात भाव हमीभावापेक्षा खाली येतो तेव्हा शेतकऱ्याचं किती नुकसान होतं, हेही याच ओळीतून काढता येतं. ते तुम्ही घरी नक्की काढून बघा, कारण तो आकडा बघण्यासारखा असतो.

आता या राशीकडे जरा तिरपं बघा. दोन्ही पदांत 'न' आहे. तो बाहेर काढला तर:

न(वभ/१०० − ह)

कंसात काय उरलं? एका कट्ट्याचे हमाली वजा जाता हातात येणारे पैसे! आपण ते वेगळं शोधायला गेलो नव्हतो. राशी नीट लावली तर तिनं आपणहून सांगितलं. जुने शेतकरी "एका कट्ट्यामागं किती सुटले?" असं विचारतात ना, ते हेच.

आता शेलूबाजारहून जिल्ह्याच्या गावाला, वाशीमला जाऊ, आणि जाता जाता नऊशे वर्षं मागेही जाऊ.

वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. वाकाटक राजांच्या एका शाखेची ही राजधानी होती. भारतातले जुने ज्योतिर्विद पृथ्वीवर एक मध्यरेषा मानत. लंकेपासून निघून उज्जैन, कुरुक्षेत्र अशी मेरूपर्यंत जाणारी. आज आपण ग्रिनिचपासून रेखांश मोजतो, तसे ते या रेषेपासून मोजत. त्या रेषेवरच्या गावांची नावं सांगताना भास्कराचार्यांनी वत्सगुल्माचंही नाव घेतलं आहे. ही रेषा जिथून जाते असं मानतात ते मध्यमेश्वराचं मंदिर वाशीममध्ये आहे. आजच्या साधनांनी मोजलं तर वाशीम उज्जैनच्या सुमारे १.३ अंश पूर्वेला येतं. पण उपग्रह नसताना, दुर्बीणही नसताना त्या लोकांनी हे मांडलं होतं हे लक्षात घ्या!

हेच भास्कराचार्य आपल्या अक्षरांच्या गोष्टीतलेही मोठे नायक आहेत. त्यांचा जन्म १११४ चा. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत आणि त्यांतला एक आहे 'बीजगणित'. जी संख्या माहीत नाही तिला ते 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढी असेल तेवढी'. एवढं मोठं नाव दर वेळी कोण लिहिणार? म्हणून नुसतं 'या'. आणखी एक अज्ञात संख्या आली तर? तिला रंगाचं नाव! कालक म्हणजे काळा, नीलक म्हणजे निळा, पीतक म्हणजे पिवळा, लोहितक म्हणजे लाल. लिहायचं नुसतं का, नी, पी, लो. ज्या संख्येला अक्षर चिकटलेलं नाही तिच्याआधी 'रू'. आपण २क + ३ लिहितो, ते या पद्धतीत होतं 'या २ रू ३'. मध्ये अधिकाचं चिन्हसुद्धा नाही. संख्या वजा करायची असेल तर तिच्या डोक्यावर एक टिंब. मोठ्या वर्गांच्या पुस्तकांत दिसणारं इंग्रजी एक्स हे अक्षर अज्ञात संख्येसाठी रूढ झालं ते फ्रान्सच्या देकार्तच्या १६३७ मधल्या पुस्तकानंतर. मला स्वतःला निळी संख्या आणि पिवळी संख्या फार आवडतात. वहीत खरोखरच रंगीत पेन्सिलीनं लिहून बघा!

भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी पाटणला मठ उभारला होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणला १२०७ चा शिलालेख आहे, त्यातून हे कळतं.

'सिद्धान्तशिरोमणी'चा पहिला भाग म्हणजे प्रसिद्ध 'लीलावती'. त्यात भुंग्यांचं एक उदाहरण आहे, ते मी माझ्या शब्दांत सांगतो. भुंग्यांचा एक थवा होता. त्यांतला पाचवा भाग कदंबावर गेला. तिसरा भाग शिलींध्राच्या फुलावर गेला. या दोन भागांमधल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर गेले. एक भुंगा तेवढा हवेत घिरट्या घालत राहिला. भुंगे किती?

एकूण भुंग्यांची संख्या 'क' धरू आणि वाक्य जसं पुढे सरकेल तसे त्याच्याबरोबर सरकू. पाचवा भाग: क/५. तिसरा भाग: क/३. पुढचं वाक्य मात्र थांबून वाचायला हवं. "फरकाच्या तिप्पट." आधी फरक, मग तिप्पट. फरक म्हणजे क/३ − क/५. हा पूर्ण फरक तिप्पट करायचा, म्हणून त्याला कंसात घालायचं: ३(क/३ − क/५). कंस विसरलात तर फक्त क/३ तिप्पट होतं आणि भुंग्यांचा सगळा हिशेब विस्कटतो. राहिला एक भुंगा, त्याचा १. सगळे मिळून पुन्हा क:

क/५ + क/३ + ३(क/३ − क/५) + १ = क

पंधरावे भाग करून बघा. पहिले ३, दुसरे ५, तिसरे ६, मिळून पंधरातले १४ भाग झाले. उरलेला पंधरावा भाग म्हणजे तो एकटा भुंगा. म्हणून भुंगे १५. कदंबावर ३, शिलींध्रावर ५, कुड्यावर ६ आणि हवेत १. मोजून घ्या!

कंसाची ही गोष्ट रोजच्या बोलण्यातही येते. "संख्येच्या दुपटीत ३ मिळवा" म्हणजे २क + ३. "संख्येत ३ मिळवून दुप्पट करा" म्हणजे २(क + ३). शब्द जवळजवळ तेच आहेत, पण आधी काय आणि मग काय हे बदललं. क = १० ठेवा, पहिल्यात २३ येतात, दुसऱ्यात २६.

आता आपल्या एस.टी.तल्या आबाजींकडे परत जाऊ, कारण त्यांच्याकडे सगळ्यांत छान कोडं आहे. ते ७८ वर्षांचे, नात ११ वर्षांची. नात म्हणाली, "आबाजी, तुमचं वय माझ्या वयाच्या सातपटीपेक्षा १ ने जास्त आहे." ७ × ११ = ७७, आणि १, ७८. अगदी बरोबर. नातीचं वय 'व' धरलं तर आबाजींचं वय ७व + १.

आबाजी हसले. म्हणाले, "माय, मी दुसरं सांगतो. तुझ्या वयात ६७ मिळव." ११ + ६७ = ७८. हेही बरोबर. म्हणजे व + ६७.

दोन राशी, दोन्ही आज खऱ्या. मग दोन्ही सारख्याच का? पुढच्या वर्षीचं काढून बघा. नात १२ ची होईल. नातीची राशी म्हणते, ७ × १२ + १, म्हणजे आबाजी ८५ वर्षांचे. एका वर्षात सात वर्षांनी म्हातारे! आबाजींची राशी म्हणते, १२ + ६७, म्हणजे ७९. खरं वय हेच. मागे जाऊन बघा. नात १ वर्षाची होती तेव्हा नातीच्या राशीप्रमाणे आबाजी ८ वर्षांचे, तिसरी-चौथीतले! आबाजींच्या राशीप्रमाणे ६८ वर्षांचे, आणि तेच खरं.

नातीनं आजच्या दिवसाचे दोन आकडे एकमेकांना जोडले. आबाजींनी त्या दोघांमधली कधीच न बदलणारी गोष्ट पकडली. दोघांची वयं रोज वाढतात, पण त्यांच्यातलं ६७ वर्षांचं अंतर वाढतही नाही आणि कमीही होत नाही. शाब्दिक उदाहरण हातात आलं की मी सर्वांत आधी हेच शोधतो: यात बदलतं काय आणि बदलत नाही काय? बदलतं त्याला अक्षर द्यायचं. बदलत नाही ते आकड्यात किंवा क्रियेत लिहायचं. तिकिटाचे रुपये बदलले, पण अर्धं, अर्धं, पूर्ण आणि मोफत हे बदललं नाही. सोयाबीनचा भाव बदलला, पण शंभर किलोंचा क्विंटल बदलला नाही. भाडेवाढीनंतरही आपली राशी टिकली ती यामुळेच.

आता तुमची पाळी. एका एस.टी.त पूर्ण तिकिटाचे 'प' पुरुष आहेत, 'म' महिला आहेत, ५ ते १२ वर्षांची 'ल' मुलं आहेत आणि पंचाहत्तरीपुढचे 'ज' आजोबा आहेत. सगळे एकाच गावाला निघालेत आणि पूर्ण तिकीट 'त' रुपयांचं आहे. कंडक्टरकाकांच्या बॅगेत किती रुपये जमा होतील त्याची राशी लिहा. लिहून झाल्यावर तिच्यात 'ज' कुठे दिसतो का बघा, आणि दिसत नसेल तर का दिसत नाही ते घरात कुणाला तरी समजावून सांगा.

मग घरचीच एक राशी तयार करा. दूध डेअरीला घालत असाल तर दुधाची, आईनं शिवणकाम घेतलं असेल तर ब्लाउजच्या शिलाईची, शेत असेल तर सोयाबीनची किंवा तुरीची, दुकान असेल तर दुकानातली. ती या वर्षीच्या आकड्यांवर चालवा, वही जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी नवे आकडे घालून पुन्हा चालवा. फक्त एक करा: राशीच्या वर, पहिल्याच ओळीत, कोणतं अक्षर कशाची संख्या आहे ते लिहायला विसरू नका.